कमळाची शेपटी

मशीन घरी आलं तेव्हा खोका उघडण्याआधी मी त्याचे चारी बाजूंनी फोटो काढले. कुरियरवाल्याला दारातच थांबवून ठेवलं. आत विटा निघाल्या तर साक्षीदार नको? तो घाम पुसत म्हणाला, "मॅडम, विटा असत्या तर दोन मजले चढताना मला आधी कळलं असतं." त्याचं म्हणणं बरोबर होतं, तरी मी पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी नीट निरखून पाहिली. ती एका कोपऱ्यात दुहेरी लावलेली होती आणि ते मला आवडलं नाही.

माझा स्वभावच असा आहे. नवरा म्हणतो, ही कोथिंबिरीची जुडीसुद्धा ओळखपत्र बघून घेते. तो रबाळ्याला कारखान्यात आहे, सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो, त्याला चेष्टा परवडते. दिवसभर दार उघडायला घरी मी असते.

कागद कापायचं मशीन घ्यायचं माझ्या डोक्यात आलं ते रुखवतामुळे. माझ्या लग्नात रुखवताच्या टेबलावर एक फार सुंदर तुळशीवृंदावन होतं. मी त्याला हात लावायला गेले तर आई ओरडली, "अगं, आत्याच्या मुलीचं आहे, परत द्यायचंय!" आपल्याच लग्नातल्या वस्तूला हात लावायची चोरी. तेव्हाच ठरवलं होतं की प्रत्येक मुलीचं रुखवत तिचं स्वतःचं असावं, तिच्या नावानं कापलेलं. पुढे बाळंतपणात नोकरी सुटली, मुलगी शाळेत जायला लागली आणि साठवलेल्या पैशांतून मशीन आलं. लॅपटॉपवर चित्र काढायचं, चिकट मॅटवर जाड कागद बसवायचा, बटण दाबायचं. आतलं इवलंसं पातं कुरकुरत फिरतं आणि कागदातून जाळी निघते.

आम्ही राहतो शिरवण्यात. आजूबाजूला नेरूळचे आखीव सेक्टर आणि मधेच हे मूळ गाव, अरुंद गल्ल्यांचं. आमची घरमालकीण इथल्याच आगरी घरातली. शेतं शहरात गेली, त्या जागी तीन मजल्यांची इमारत उभी राहिली. तळमजल्यावर ती सुनेबरोबर आणि नातीबरोबर राहते, वर आम्ही भाडेकरू. मी तिला मावशी म्हणते. महिन्याच्या पाच तारखेच्या भाड्यापलीकडे आमचा फारसा संबंध नव्हता.

मशीनचा आवाज ऐकून ती वर आली, सिलिंग फॅन बिघडला की काय बघायला. मी तेव्हा रडकुंडीला आले होते. मशीन कापतं, पण कापलेल्या जाळीतले बारीक बारीक तुकडे हातानं काढावे लागतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका कमळात चाळीसेक तुकडे. माझ्या हातून प्रत्येक पाकळी फाटत होती. मावशीनं पाच मिनिटं पाहिलं, पदराची पिन काढली आणि शेजारी बसली. पाऊण तासात सबंध कमळ मोकळं केलं, एक पाकळी दुमडली नाही.

"भाताची रोपं काढलीत आमी," ती म्हणाली. "आता बसून बसून हात आखडले. कवा कवा येन मी."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज अकराला येऊ लागली. कापडी पिशवीत चष्मा, मिश्रीची डबी आणि किल्ली. पैसे देऊ केले तर रागावली. चहा मात्र दोनदा लागायचा. संध्याकाळी जाताना टेबलावरचे तुकडे गोळा करून मिठाईच्या रिकाम्या डब्यात भरायची.

"यो कचरा टाकतंस ना? मना दे. नातीला खेलाला व्हईल."

खरं सांगायचं तर मला तेव्हाच जरा खटकलं. जी बाई तीन मजल्यांची मालकीण आहे ती कुणाच्या घरी फुकट का राबेल? फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे मी नेहमी दुसऱ्यांदा बघते. त्यात तिच्या पुतण्याचं स्टेशनजवळ फ्लेक्सचं दुकान. मावशी मोबाइलवर माझ्या कामाचे फोटो काढायची, "नातीला दावते" म्हणायची. मी लॅपटॉपला पासवर्ड घातला. चहा करायला उठताना त्याच्यावर टॉवेल टाकायला लागले. मावशीनं एकदा विचारलं, "याला थंडी लागते का ग?" मी हसले, पण टॉवेल काढला नाही.

पहिली मोठी ऑर्डर रबाळ्याच्या एका बाईंची होती, मुलीच्या लग्नासाठी. माझ्या सगळ्या कामात मला अभिमान होता तो त्यातल्या सप्तपदीचा. सात कमळं, प्रत्येकात एक वचन, आणि वरती नवरा-नवरीच्या नावांची पट्टी. वचनं मी माझ्या मनानं लिहिली होती. चौथं होतं, 'रागावलो तरी जेवण एकत्र.' असं दुसऱ्या कुणाकडे असणं शक्यच नव्हतं.

त्या कमळांत एक खोट मात्र होती. नवऱ्यानं एका रविवारी मशीनमध्ये फॅक्टरीतला कसलासा कडक प्लास्टिकचा पत्रा घालून पाहिला होता, तेव्हापासून प्रत्येक पाकळीच्या टोकाशी केसाएवढा जास्तीचा काप जायचा. उंदराच्या शेपटीसारखा. गिऱ्हाइकाला दिसण्यासारखा नव्हता. मावशीला सोमवारीच दिसला. "याला शेपूट फुटलाय," ती म्हणाली. मी म्हटलं, राहू दे.

तीन महिन्यांनी नवऱ्याच्या कारखान्यातल्या एकाच्या लग्नाला आम्ही गेलो. जेवायला जाण्याआधी मी सवयीनं रुखवताच्या टेबलाशी गेले आणि जागच्या जागी उभी राहिले. माझी सप्तपदी होती. सात कमळं, माझ्या रंगात, माझ्या क्रमानं. चौथ्यावर 'रागावलो तरी जेवण एकत्र.' वरच्या पट्टीवर मात्र भलतीच नावं, तीही जाड ठसठशीत छापील अक्षरांत. असली अक्षरं मी मेले तरी वापरणार नाही. मी खाली वाकून पाहिलं. पाकळीच्या टोकाशी शेपटी होती.

चोरानं चित्र चोरलं ते चोरलं, माझी चूकसुद्धा तशीच्या तशी उचलली होती! मी फोटो काढले, मोठे करून शेपट्या मोजल्या. नवरा म्हणाला, "अगं, जेवून तर घे." मी ताट तसंच ठेवलं. असली छापील अक्षरं कुणाच्या दुकानात मिळतात हे मला माहीत होतं. परतताना रिक्षा मुद्दाम स्टेशनवरून घ्यायला लावली. पुतण्याच्या दुकानावर नवी पाटी होती, 'येथे कटिंग करून मिळेल.' आता आणखी काय पुरावा हवा?

दुसऱ्या दिवशी अकराला मावशी आली. मी चहा ठेवला नाही.

"मावशी, तुमच्या मोबाइलमधले फोटो दाखवता का?"

तिनं पिशवीतून मोबाइल काढून सरळ माझ्या हातात दिला. माझ्या कामाचे चार-पाच फोटो होते, तेही अंधूक. बाकी सगळी नात होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर तिनं माझे तुकडे चिकटवले होते. पाकळीमधल्या थेंबांचे मासे, गोल टिकल्यांचं जाळं, त्रिकोणांच्या होड्या. पान उलटावं तसे फोटो सरकत गेले, पुढचे सगळे तसलेच. आणि मला वाटलं काय? की स्पष्ट आलेले तेवढे पुसून टाकले असतील.

"तुमच्या पुतण्याकडे मशीन आलंय," मी म्हटलं. "माझी कमळं काल एका लग्नात होती. शेपटीसकट. माझ्याशिवाय ती कमळं या घरात फक्त तुम्ही बघितलीत."

मावशीला आधी काही कळलंच नाही. ती हातातली पिन तशीच धरून माझ्याकडे बघत होती. मग कळलं. तिनं पिन पदराला लावली, मोबाइल घेतला, चष्म्याची घडी घातली.

"पन्नास वर्सं झाली लगीन करून या गावान आले," ती म्हणाली. "कोनी असा बोलला नाय. तू मना माज्याच घरान चोर केलंस."

मिठाईचा डबा टेबलावर राहिला. ती जिना उतरून गेली, कठड्याला धरत, एकेक पायरी.

मला वाटलं आता ती घर सोडायला सांगेल. तिनं काहीच सांगितलं नाही. पाण्याची मोटर वेळेवर लागत होती, आमच्या दारातला गेलेला दिवा तिनं बदलून घेतला. गल्लीत भेटली की मात्र ती भिंतीकडे बघायची. मी त्याचाही अर्थ लावला, की खाल्ल्या मिठाची लाज वाटत असेल. खरं तर तिनं माझं मीठही खाल्लं नव्हतं, चहात ते असत नाही.

पुढची ऑर्डर मी एकटीनं करायला बसले. बोटांना फोड आले. चौथ्या दिवशी पातं इतकं बोथट झालं की कागद कापायच्या ऐवजी ओरबाडला जाऊ लागला, म्हणून शेवटी नवं पातं बसवलं. चाचणीसाठी जुनंच कमळ लावलं. कापून झाल्यावर उचललं आणि सवयीनं शेपटी शोधली.

शेपटी नव्हती. एकाही पाकळीला नव्हती.

मी लॅपटॉपवर चित्र मोठं केलं. तिथेही नव्हती. कशी असेल? ती मी काढलीच नव्हती. ती त्या प्लास्टिकनं टोक मोडलेल्या माझ्या पात्याची होती. चित्र चोरून दुसऱ्या मशीनवर कापलं असतं तर कमळं स्वच्छ आली असती. लग्नातली कमळं माझ्याच मशीनवर, माझ्याच टेबलावर कापली गेली होती आणि मावशीच्या पिननं मोकळी झाली होती. ज्याला मी पुरावा म्हणत होते तो तिच्या बाजूचा होता.

रबाळ्याच्या बाईंना फोन लावला. त्या खळखळून हसल्या. "अहो, आमच्या मामेबहिणीच्या मुलीला दिलं ते! नावांची पट्टी तेवढी बदलून घेतली. एवढं छान रुखवत एकदाच मांडून कपाटात ठेवायचं का? आता पुढच्या महिन्यात चुलतदिराच्या मुलीकडे जाणार आहे. तुमचं खूप कौतुक होतंय हो."

फोन ठेवल्यावर मला आत्याच्या मुलीचं तुळशीवृंदावन आठवलं. माझ्यानंतर ते आणखी दोघींच्या लग्नात गेलं होतं. रुखवत घरोघरी फिरतं हे न कळायला मी काही परदेशात वाढले नव्हते. माझ्याच लग्नात ते घडलं होतं, त्याचा मला राग होता, आणि तरी ऐन वेळी मला चोर आठवला, आत्याची मुलगी आठवली नाही. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

मी खाली गेले. मावशी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, पात्याचं, फोनचं, वृंदावनाचंसुद्धा. मधे रडले. तिची बोटं थांबली नाहीत. डोकी एकीकडे, सुकट एकीकडे.

"म्हंजी तुज्याच मशीनचा व्हता?" तिनं विचारलं.

"हो."

"बरा," ती म्हणाली आणि सूप हलवलं.

दुसऱ्या दिवशी अकराला दार वाजलं. मावशी! पिशवी घेऊन, चष्मा लावून. मी धावत चहा ठेवला, आल्याचा. टॉवेल कपाटात ठेवून दिला आणि लॅपटॉप तिच्यासमोर सताड उघडा ठेवला. ती बसली, पिन काढली, दिवसभरात तीन कमळं मोकळी केली. नव्या पात्याचं कौतुकही केलं. मला वाटलं, मिटलं सगळं.

पाच वाजता ती उठली. टेबलावरची जागा हातानं साफ केली आणि पिशवी उलटी केली. चष्म्याचं घर, मिश्रीची डबी, किल्ली, रुमाल. रुमाल उलगडून झटकला.

"बग," ती म्हणाली.

"मावशी, नको हो! असं काय करता?"

"बगून घे. मागून ताप नको."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, पाया पडले असते, काहीतरी केलं असतं. भाड्याची पावती देताना ती जशी बोलते तशीच बोलली.

तेव्हापासून हे रोज चालू आहे. काम पूर्वीसारखंच होतं, गप्पाही होतात, सुनेच्या तक्रारीसुद्धा ती सांगते. कागदाचा एकही तुकडा मात्र ती नेत नाही. एकदा मी जुना मिठाईचा डबा तुकड्यांनी भरला आणि ती हात धुवायला गेली तेव्हा तिच्या पिशवीत ठेवला. तिनं पिशवी उलटी केली, डबा बाहेर आला. तिनं तो माझ्या बाजूला सरकवला.

"ह्यो तुजा हाय."

"मावशी, नातीसाठी. मी देतेय."

"तिची होडी अर्धीच रायली व्हती," ती म्हणाली. "मी सांगितला तिला, वरच्या ताईचा कागद आपला नाय."

मग ती पिशवी उघडी धरून उभी राहिली. वस्तू टेबलावर तशाच पसरलेल्या. मी काही म्हटल्याशिवाय ती त्या उचलत नाही, हे आता मला माहीत झालं आहे. मी एकेक वस्तू पाहिली. चष्म्याचं घर, डबी, किल्ली, रुमाल.

"बघितलं, मावशी," मी म्हटलं.