मास्तरांची भिंत आणि गिरजीचं तोंड

आमच्या घरात चिखल आणि किस्से, ह्या दोन गोष्टींची टंचाई म्हणून कधी पडली न्हाय. एक सांगून हसून होतंय तोवर घरात दुसरा घडलेला असायचा. आडावर पाण्याला गेलं की बायका घागर खाली ठेवायच्या आधी विचारायच्या, "काय गं, मास्तरांनी आज काय पाडलं?"

मास्तर म्हणजे आमचे हे. नळदुर्गापासून दोन कोसांवर आमचं गाव, तिथल्या निजाम सरकारच्या शाळेत शिकवायचे. शाळा सुटली की सदरा खुंटीला, धोतर वर खोचलेलं, आणि हे घराच्या मागं लागलेले! सुताराचं नाव काढा, गवंड्याचं नाव काढा, उत्तर एकच, "परका माणूस कशाला? मी हाय की!"

आणि ह्यांच्या हाताखाली कोण, तर आमची सहा वर्षांची गिरजी. कोपरापर्यंत चिखल, आणि तोंड सकाळी उघडलं की झोपेपर्यंत मिटायचं न्हाय.

मला ह्या दोघांकडून एकच गोष्ट हवी होती. बळद!

लढाईचे दिवस होते ते. सरकारनं धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, लावलेली. त्या साली लेव्हीची माणसं आली, कणगीत दिसला तेवढा जोंधळा पोत्यांत भरून घेऊन गेली. श्रावणात माझी पोर हुलग्याच्या कण्या खाऊन झोपायची. मी ह्यांना म्हटलं, "मला बळद बांधून द्या." घराच्या भिंतीला लागून आतून दुसरी भिंत घ्यायची, मधल्या पोकळीत वरून धान्य ओतायचं, काढायला खाली एक भोक ठेवायचं. भोक लिंपून टाकलं की बघणाऱ्याला नुसती भिंत दिसते.

"हात्तिच्या! दोन दिवसांचं काम," हे म्हणाले.

*

पहिल्या दिवशी हे दोर घेऊन आले. मला वाटलं, भिंतीची रेघ धरायला असंल. पण गिरजी वाटेतच आडवी आली होती. "बापू, आधी झोका!"

झालं. माळवदाच्या तुळईला दोर बांधला. खाली मी भाकऱ्या थापत बसलेली. "अहो, माळवद जुनं हाय, माती सुटंल," मी ओरडले. हे म्हणाले, "ह्या तुळईवर हत्ती झुलंल!"

हत्तीची गरज पडली न्हाय. गिरजीनं एक झोका घेतला आणि पाटीभर माती वरून आली ती थेट माझ्या काठवटीत! पीठ गेलं, भाकरी गेली, चूल विझली. मी डोळ्यांतली माती काढत उठले, तर ही बया वरून म्हणते,

"बापू, अजून एक द्या! आणखी पडतंय का बघू!"

आणि ह्यांनी दिला की हो!

*

मग ह्यांना दाराची आठवण झाली. आमचं पुढचं दार खाली घासायचं, उघडताना कुरकुरायचं. माझी त्याबद्दल तक्रार न्हवती. पण ह्यांनी कुठून तरी रंधा मागून आणला आणि दार उतरवून खालून तासायला घेतलं. एका बाजूला जास्त तासलं गेलं म्हणून दुसरी बाजू तासली. ती जास्त झाली म्हणून पुन्हा पहिली. शेवटी दार बसवलं तेव्हा खालून आख्खं कुत्रं आत येईल एवढी फट!

"हवा खेळती राहते," हे म्हणाले.

दोन दिवसांनी गिरजीनं माझा हळदीचा डबा चिखलात कालवला, 'पिवळी भिंत' करायची म्हणून. मला असा संताप आला! तिला घरात कोंडलं, बाहेरून कडी घातली, घागर उचलली आणि तरातरा आडावर गेले. बायकांना म्हटलं, "आज चांगली अद्दल घडवली पोरीला. बसलीय घरात कोंडून."

बायका माझ्या मागं बघून हसायला लागल्या. वळून बघते तर गिरजी! माझ्या मागोमाग येऊन आडाच्या कट्ट्यावर पाय हलवत बसलेली.

"अव्वा," ती म्हणाली, "कडी नीट लागली का बघून आलीस न्हवं?"

*

चुलीचं तर विचारूच नका. माझे डोळे धुरानं चुरचुरतात म्हणून ह्यांना दया आली. ह्यांना दया आली की मला धडकी भरायची. चुलीमागं भिंतीला भोक पाडलं, मातीची नळी बसवली, आणि म्हणाले, "आता पेटव."

पेटवली. खरंच, घरात धूर न्हाय! मी पहिल्यांदा ह्यांच्याकडं कौतुकानं बघितलं. तेवढ्यात शेजारच्या काशीकाकू "आग! आग!" करत दारात. हातात पाण्यानं भरलेली घागर. नळीचं दुसरं तोंड त्यांच्या स्वयंपाकघरात निघालं होतं! काकूंनी मागचापुढचा विचार न करता घागर माझ्या चुलीवर रिकामी केली.

चूल विझली, राखेचा लोंढा माझ्या पायांवरून वाहिला. हे मात्र कंबरेवर हात ठेवून उभे. "पण आपल्या घरात धूर व्हता का? ते सांग!"

*

सुगी तोंडावर आली. ज्वारी कापणीला आली आणि माझ्या बळदाचा पत्ता न्हाय. मी शेवटी अबोला धरला, तेव्हा कुठं ह्यांनी माती आणली, भुसा घातला, चिखल तुडवून भिजत ठेवला. मी निश्चिंत मनानं शेतावर गेले.

संध्याकाळी येऊन बघते तर अंगणात चिखल न्हाय आणि ओसरीवर बैल! एक दोन न्हाय, सगळी ओसरी भरून. बैल, घोडे, उंट, एक हत्तीसुद्धा. पोळा कधीच होऊन गेला होता. बाप आणि लेक दोघं मधोमध बसून शेवटच्या बैलाला शिंगं लावत होते.

"गिरजीचा हात बघ कसा साफ हाय," हे म्हणाले.

"आणि माझं बळद?"

हे बैलाचं शिंग दाबून बसवायला लागले. गिरजी मात्र माझी समजूत घालायला पुढं आली. "रडू नगं अव्वा. बैल वाळले की त्यांच्या पाठीवरनं तुला दुसरी माती आणू."

*

पण बांधलं. एकदाचं बांधलं! मी रोज समोर बसून बांधून घेतलं. भिंत मधेच पोट काढून पुढं आलेली. मी तिकडं बोट दाखवलं तर हे म्हणाले, "धान्य साठवायचं तर पोट नको का?" असू दे म्हटलं. गाव शेतात असताना भर दुपारी आम्ही वर्षाचा जोंधळा आत ओतला आणि भोक लिंपून टाकलं.

आता भीती एकच, गिरजीचं तोंड! ह्यांनी तिला समोर बसवून शपथ घातली, "बाळा, आपल्या घरात बळद हाय हे कुणाला सांगायचं न्हाय." तिनं गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी आडावर गेले तर सगळ्याजणी एका सुरात, "काय गं, बळद वाळलं का?"

मी घागर खाली ठेवली. "कुणी सांगितलं?"

"गिरजीनं! सकाळपासून घरोघर फिरून सांगतीय, 'आमच्या घरात बळद न्हाय बरं का!'"

*

आणि आठवडा गेला न्हाय तोच लेव्हीची माणसं गावात! गिरदावर साहेब, पटवारी, दोन चपराशी. आमच्या घरी आले. काशीकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. कणगीत आम्ही दाखवण्यापुरता थोडा जोंधळा ठेवलेला.

"मास्टरसाब, बस इतनाइच?" गिरदावरांनी विचारलं.

"पिकलंच न्हाय साहेब," हे म्हणाले. आवाज असा की चोरानंसुद्धा ओळखावा, हा माणूस खोटं बोलतोय.

साहेब घरभर फिरायला लागले. आणि तेवढ्यात मी बघितलं. भिंतीच्या तळाला लिंपण फुटलं होतं, आणि तिथून जोंधळ्याची बारीक धार लागली होती! वर्षाचं अन्न माझ्या डोळ्यांदेखत बाहेर येत होतं, आणि मला पाऊलसुद्धा उचलता येईना.

गिरजी माझ्याआधी हलली. गेली, धपकन त्या जागेवर बसली, परकर पसरला आणि भिंतीला पाठ टेकली.

साहेब तिच्यापुढं थांबले. "नाव काय बेटी तुझं?"

गिरजी गप्प.

"ज्वारी कुठं ठेवतो तुझा बाप?"

गिरजी नुसती टकामका बघतेय. जिच्या तोंडापुढं मी हात टेकले होते, ती माझी पोर ओठ घट्ट मिटून बसलेली!

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "गूंगी है क्या?"

"व्हय साहेब," माझ्या तोंडून निघून गेलं. "जन्माची मुकी हाय."

दारात काशीकाकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी मनातल्या मनात देवाची माफी मागितली.

साहेबांची नजर आता भिंतीवर गेली. छडीनं वर टकटक केलं. "ये दीवार किसने बनायी?"

गप्प बसावं की नाही माणसानं? पण न्हाय! घरात जप्ती यायची वेळ आली तरी ह्यांची छाती पुढं आली. "मी! स्वतः, माझ्या हातांनी!"

साहेबांनी भिंतीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. पोटावर नजर थांबली. मग हळूच दोन पावलं मागं सरले. "मास्टरसाब, बच्ची को दूर बिठाओ. गिरेगी ये दीवार." आणि पागोटं सावरत लगबगीनं बाहेर पडले, मागोमाग पटवारी, मागोमाग चपराशी.

पावलं दूर गेली. मला हसू येत होतं, रडू येत होतं, दोन्ही एकदम. मी धावत गिरजीजवळ गेले. "ऊठ गं माझी बाय, गेले ते. ये माझ्याजवळ!"

गिरजी जागची हलेना.

हे पुढं झाले, तिला उचलायला खाली वाकले. तशी ती इतक्या वेळानं पहिल्यांदा बोलली.

"बापू, आधी तुम्ही भिंत धरा, मग म्या उठते."

आणि आमच्या ह्यांनी खरंच दोन्ही हातांनी भिंत धरली.