साडूच्या दातातली खाच

आमच्या साडूइतकं हसू दाबून ठेवलेला माणूस हर्णेपासून रत्नागिरीपर्यंत कुठल्याही बंदरावर झाला नाही आणि होणारही नाही, हे मी पैजेवर सांगतो. मी शाळेत फार टिकलो नाही, पण माणसं पुष्कळ बघितली. बुरोंडीचा हा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. गंमत सांगायला लागला की अख्खी होडी पोट धरून हसायची आणि हा स्वतः तोंडावर पंचा धरून नुसता डोळ्यांनी हसायचा. कारण एक तर दात पिवळे, जन्मभराच्या मिश्रीने आणि काळ्या चहाने. वर ते भलते नाजूक. थंड पाणी राहू दे, समोरून वारा आला तरी शिवशिवायचे. म्हणून समुद्रात हा तोंड मिटून हातवाऱ्यांनी हुकूम सोडायचा. नवीन खलाशांना वाटायचं तांडेल रागावलाय, आणि बिचारे दुप्पट जोराने जाळं ओढायचे. माझ्या मुलाच्या लग्नात कोणीतरी बर्फ घातलेलं सरबत हातात दिलं, तर हा पेला घेऊन मांडवाबाहेर उन्हात जाऊन उभा राहिला, ते कोमट होईपर्यंत. वरात निघाली तरी साहेब पेला धरून उन्हातच. आणि पुढच्या दाताला एक खाच. जाळं विणताना दोरा दाताने तोडायची सवय, खाच त्या दोऱ्यानेच हळूहळू कोरून काढलेली.

मागल्या पावसाळ्यानंतर त्याच्या बायकोच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू इतका पिकलेला की कित्येक वर्षं नवरा म्हणजे तिला दारातली एक सावली. डॉक्टर म्हणाले, आधी रक्तातली साखर उतरवा. तोवर दोघं मिऱ्याला माझ्याकडे राहिली. संध्याकाळी आम्ही दोघे म्हातारे पडवीत बसायचो. समोर समुद्र आधी तांबूस, मग राखाडी, मग असा काही की पाणी कुठे संपलं नि आभाळ कुठे लागलं ते कळू नये. एकदा तसंच बघता बघता हा म्हणाला,

"ती मला बघील रे आता."

"मग बघू दे की."

"लगीन झालं तेव्हा म्हणाली होती, तुमचं हसणं चांगलं हाय. दात पिवळे पडले ते तिनं कधी नीट बघितलंच नाय. तिच्या डोळ्यात मी अजून तेव्हाचाच हाय. पट्टी काढल्यावर हा असला दिसू होय?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझे बघ मेल्या, शिंपल्यासारखे!"

"ते माझे नाहीत," मी म्हणालो. "दवाखान्यातले आहेत." बायको गेली त्यानंतरच्या वर्षी मी कवळी बसवली, हे त्याला ठाऊक होतं. तरी हेवा करायचा.

दुसऱ्या दिवसापासून दातांची डागडुजी सुरू. ह्याचं म्हणणं, दात म्हणजे होडीचा तळ. किनाऱ्यावर ओढायचा, खरवडायचा, लखलखीत करायचा. कोळशाची पूड झाली, मीठ झालं. मग सूनबाई देवाचा तांब्या आमसुलाने घासताना ह्याने बघितली. तांब्या असा उजळला की ह्याचे डोळे चमकले. रोज पहाटे विहिरीमागे जाऊन आमसुलाने दात घासायचा. आठ दिवसांत कोमट पेजेचा घोट घेतला तरी डोळ्यांत पाणी. दात पांढरे कुठले, आणखी पिवळे!

मी त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेला. पोरगेली बाई, पण ठाम. "आजोबा, आंबटाने दाताचं वरचं पांढरं आवरण झिजतं. आतला दात पिवळाच असतो. घासाल तेवढा तो जास्त दिसेल."

"म्हंजे फळी पातळ झाली?"

"अगदी तसंच."

साडूने जिभेने दात चाचपले. मग हळूच म्हणाला, "पातळ फळी खरवडायची नसते. तिला तेल पाजतात."

बाई हसल्या. त्यांनी दातांवर साचलेलं कीटण आणि वरवरचे डाग जपून काढून दिले, मऊ ब्रश दिला, शिवशिवणाऱ्या दातांची पेस्ट दिली. पेस्ट थुंकायची पण लगेच खळखळून चूळ भरायची नाही, आंबट खाल्लं तर नुसतं पाणी फिरवायचं आणि घासायला थोडं थांबायचं, मिश्री बंद.

"आणि पांढरे?"

"ठणका थांबला की सौम्य औषध लावून बघू, माझ्यासमोर. खाचही पांढरी भरून देईन. पण आत्ता नाही."

"तिची पट्टी त्याच्या आधी निघायची. एकदाच काय ते जोराचं लावा. मी ओरडणार नाय."

"ओरडला नाहीत तरी दात दुखावतीलच, आजोबा."

होडीवर कोणाचं न ऐकलेला हा माणूस तिथे खाली मान घालून उठला. पण त्यानंतर असा ब्रश फिरवायचा, जणू झोपलेल्या तान्ह्या पोराचं अंग पुसतोय. ठणका उतरत गेला. रंग मात्र राहिला, पिकल्या सुपारीच्या सालीसारखा, आणि खाच तशीच.

साखर उतरली, ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या सकाळी हा खाटेशी उभा, तोंडावर पंचा. मेव्हणीने डोळा उघडला. खिडकी बघितली, मला बघितलं. मग त्याच्याकडे वळली.

"पंचा काढा."

"राहू दे गो."

"काढा म्हणते ना! हसा बघू."

त्याने पंचा खाली घेतला. आधी ओठ घट्ट मिटून धरले, मग जन्मभर अडवलेलं ते हसू सुटलंच. ती बघत राहिली. हात वर करून बोट त्या खाचेवर ठेवलं.

"हाय, जागेवर हाय. मला धास्ती होती, घासून घासून घालवलीत की काय."

"तुला काय माहीत, मी काय घासत होतो?"

"डोळे गेले होते माझे. नाक नाय. रोज सकाळी आमसुलाचा वास मारत होतात."

ती दोघं बुरोंडीला गेली. ठणका आता पुरता थांबला, फोनवर सांगतो. डॉक्टरीणबाई खाच भरायला या म्हणतात, हा जात नाही. पंचा खांद्यावर असतो म्हणे, तोंडावर नसतो.

मी पडवीत एकटा बसतो. समुद्र तसाच राखाडी होत जातो. कधीतरी आत जाऊन आरशात हसून बघतो. दात झकास आहेत, एकसारखे, पांढरेशुभ्र. कोणाला आवडले नाहीत तर मला सांगावं. फक्त एवढंच वाटतं, आमची ही अचानक दारात आली, तर हसण्याआधी मला माझं नाव सांगावं लागेल.