चौथ्या वर्षानंतरची बचत

आमच्या ह्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक, आणि त्याने गाडी भिंतीवर घालायला घेतली तरी आवाज चढवायचा नाही. तो सगळा घरी येऊन माझ्यावर चढवायचा, ते वेगळं.

गाडी घ्यायची म्हटली की लोक आधी ह्यांच्याकडे येतात. ह्यांचं म्हणणं ठरलेलं. "शोरूममधली किंमत बघू नका. विकाल त्या दिवसापर्यंत कितीला पडली ते बघा." समोरच्या नर्सबाई रोज लांबच्या हॉस्पिटलात जातात, घराखाली चार्जिंगची सोय आहे. त्यांना म्हणाले, खुशाल इलेक्ट्रिक घ्या. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना मात्र उलट सांगितलं. "आजोबा, तुमची गाडी महिन्यातून दोनदा हलते. पेट्रोल जळणारच नाही, तर वाचणार काय? बॅटरी उगाच बसून म्हातारी होईल." आजोबा आठवडाभर फुगून होते, पण घेतली पेट्रोलचीच.

यंदा आमचीच गाडी पार खिळखिळी झाली. मी म्हटलं, आता इलेक्ट्रिक. दिवसभर रस्त्यावर असते, किती दिवस पेट्रोलपंपवाल्याचं घर भरायचं? शिकणारे क्लच जाळतात तो खर्च निराळाच, आणि हल्ली निम्मे लोक बिनगिअरचीच मागतात. सुरुवातीला हप्ता जड जातो, बॅटरीची धास्ती असते, पण चौथ्या वर्षानंतर नफाच, हे ह्यांनीच जगाला सांगितलेलं. आणि हा माणूस एके दिवशी जुनी पेट्रोलची गाडी ठरवून, वर इसार देऊन घरी आला.

माझं डोकंच फिरलं. "जगाला शहाणपण शिकवता आणि घरात भंगार आणता? अहो, चार वर्षांत तिच्या पेट्रोलात अर्धी नवी गाडी आली असती."

एरवी एकाला दोन सुनावणारा माणूस, पण त्या दिवशी खाली बघून म्हणाले, "चार वर्षं मला नाहीत."

मी हातातलं ठेवून त्यांच्यासमोर येऊन बसले.

"जिवाला काही नाही," हे म्हणाले. "डोळ्यांचं आहे. काचबिंदू. कडेचं दिसणं बरंच गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही म्हणतात डॉक्टर. गाडी सोडा म्हणाले. मी म्हटलं, दोन वर्षं रेटू, हात जरा मोकळा होईल. दोन वर्षांसाठी पेट्रोलचीच स्वस्त पडते."

हिशेब चोख होता. त्यात मला एक चूक काढता आली नाही.

"आणि बाजूने एखादं पोर धावत आलं तर?" मी विचारलं.

"शिकणाऱ्याला दिसेल की."

"त्याला दिसत नाही म्हणून तर तुम्ही शेजारी बसता ना?"

कुणाला सांगू नकोस, एवढंच म्हणाले. मला ह्यांचा संताप आला, कीवही आली, आणि भीती तर इतकी वाटली की हातातलं काम सुचेना. नंतर किती समजावलं, भांडले, अबोला धरला. हे ढिम्म हलले नाहीत. म्हणाले, परवा गाडी ताब्यात घेतोय.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंची मुलगी नाव नोंदवायला आली. कॉलेजातली पोरगी, सोमवारपासून शिकायचं म्हणून नुसती उड्या मारत होती. मी तिला दारातच सांगितलं, "नको येऊस, बाळा. काकांना कडेचं दिसत नाही." ती कावरीबावरी होऊन निघून गेली. गल्लीत बातमी पसरायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं. तरीही सांगितलं.

हे आतल्या खोलीतच होते. बाहेर आले, माझ्यासमोर खुर्चीत बसले.

"आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं," ते म्हणाले. "दोन वर्षं मागितली, तीसुद्धा दिली नाहीस."