चिगळीचा ठिपका

मुंग्या ओळखण्यात माझी सात वर्षं गेली. गेली म्हणजे अगदी वायाच गेली. आजही कुणी कौतुकानं विचारलं, "सर, तुमचा तो मुंग्यांचा अभ्यास...", की मी आत चहा टाकायला सांगतो आणि विषय बदलतो.

सोलापुरात एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होतो. दर जूनला नेमणूक, दर एप्रिलला नारळ. पीएच.डी. झाली की कायम करू, असं प्राचार्यांनी एकदा म्हटलं होतं आणि माझ्या बायकोनं ते वाक्य पाठ करून ठेवलं होतं. माझे मार्गदर्शक पुण्याला असत. त्यांनी मला विषय दिला तो जंगलातल्या एका मुंगीचा. ती कुठं कुठं आढळते ते शोधून नकाशावर एकेक ठिपका द्यायचा. पानं रेशमानं शिवून झाडावर घर करणारी ही तांबडी मुंगी. कोकणात कुणी तिला हुमला म्हणतं, कुणी ओंबील. आंब्याखालून जाताना ती एकदा मानेवर पडली, की माणूस तिला जन्मात विसरत नाही. सोलापुरात राहून हिचा अभ्यास करायचा म्हणजे माळावर उभं राहून पोहायला शिकण्यातला प्रकार. पण विषय निवडणं माझ्या हातात नव्हतं.

दोन-तीन सुट्ट्या मी कोकणात आणि घाटात हिंडलो. बाकीच्या मुलखासाठी शाळांना पत्रं लिहिली, की तांबडी मुंगी आढळल्यास काडेपेटीत घालून पाठवावी. काडेपेट्या ढिगानं आल्या. पोस्टाच्या शिक्क्याखाली चेचलेल्या, आत साखरेच्या डब्यातल्या घरगुती मुंग्या. प्रत्येक मुंगी स्पिरिटमध्ये भिजवायची, कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर डिंकानं चिकटवायची आणि कॉलेजच्या एकुलत्या एक धड सूक्ष्मदर्शकाखाली तिची कंबर बघायची. कमरेला एक गाठ असली तर पुढं तपासायची, दोन असल्या तर ती आपली नव्हे. माझ्या नशिबी दोन गाठींच्याच फार आल्या. वीज गेली की टेबल खिडकीशी ओढायचं आणि उन्हावर काम करायचं. संध्याकाळी गिरणीचा भोंगा वाजेपर्यंत डोळे असे दुखायला लागत, की घरी जाऊन पेपरसुद्धा वाचवत नसे.

मग मी शहाणपणा केला. पत्रातून 'मुंगी' हा शब्दच काढून टाकला. मुंगी म्हटलं की लोक कुठलीही पाठवतात. नुसतं नाव विचारलं, तर जो तिला ओळखतो तोच उत्तर देईल. अक्कलकोटकडच्या कानडी गावांसाठी मला कानडी नाव हवं होतं. आमच्या कॉलेजातले कन्नडचे प्राध्यापक मूळचे सिरसीचे, जंगलपट्ट्यातले. ते म्हणाले, "आमच्याकडं चिगळी म्हणतात. चटणी करून खातात की." झालं. मी जोडकार्डं छापून घेतली. आपल्या गावी चिगळी आढळते का? कोणत्या महिन्यात? रंग कोणता? चावते का? खाली कॉलेजचा शिक्का. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

बरीचशी कार्डं परत आलीच नाहीत. आली त्यांवर 'नाही' लिहिलेलं. एकच कार्ड वेगळं होतं. मैंदर्गीजवळच्या एका खेड्यातल्या गुरुजींनी वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "होय, घरोघरी. श्रावणात विशेष. रंग तांबूस काळा. चावायला कडक. लहान मुले आवडीने खातात."

ते मी उभ्यानंच पाच-सहा वेळा वाचलं. चावायला कडक, म्हणजे कडाडून चावते. आणि खातात, म्हणजे सिरसीसारखंच. शंकेला जागाच नव्हती.

कार्ड घेऊन पुण्याला गेलो. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. जिथं माणसांना प्यायला पाणी मिळालं नव्हतं, तिथं दमट जंगलातली ही मुंगी टिकून राहिली होती. मार्गदर्शक सरांनी चष्मा काढून पुसला. एके काळी जंगल थेट तिथवर असणार आणि ही त्याची उरलेली खूण, असं त्यांनी बसल्या जागी ठरवून टाकलं. माझा पेन्सिलीचा ठिपका त्यांनी स्वतःच्या हातानं शाईनं भरला. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या एका ठिपक्यावर उभं राहिलं. सरांचा लेख छापायला गेला. मला हुकूम झाला, की श्रावणात जाऊन नमुना घेऊन यायचा.

पंचमीच्या सुट्टीला मी एसटीनं गेलो. गुरुजी फाट्यावर छत्री धरून उभे होते. माझ्याच वयाचे, अंगावर धुतलेला सदरा आणि पायजमा. वाटेत मी प्रत्येक लिंबाकडे मान वर करून बघत होतो.

"कुठं बघायला मिळेल, गुरुजी?" मी विचारलं.

"घरीच हाय की सर. चला."

घरी त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, बसायला घोंगडं टाकलं. त्यांच्या मंडळींनी आतून ताटली आणून माझ्यापुढं ठेवली. तीळ आणि गूळ कुटून वळलेले, तेल सुटलेले चार लाडू.

"ही चिगळी," गुरुजी म्हणाले. "पंचमीला आमच्याकडं घरोघरी करत्यात. खावा की."

कार्डावरची उत्तरं मला तोंडपाठ होती. एकूण एक बरोबर होती. श्रावणात विशेष, रंग तांबूस काळा.

"तुमी 'चावते का' असं लिवलं हुतं," ते हसत म्हणाले. "आमची भाषा कानडी. मला वाटलं, मराठीत तसंच म्हणत असत्याल." मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं. "काय चुकलं का सर?"

"नाही, नाही," मी म्हणालो. मुंगी हा शब्द मी कार्डावरून काढला होता, तो आता तोंडातूनही निघेना. पोथी वाचावी तसं मी मन लावून लाडू खाल्ले. चांगले झाले होते, आणि त्याचाही मला राग आला.

सोलापूरला आल्यावर सरांना सगळं कळवलं. त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. लेख छापून झाला आहे. एका ठिपक्यानं आभाळ कोसळत नाही. प्रबंधात लिहा, 'या हंगामात नमुना मिळाला नाही.'

ते वाक्य मी आठवडाभर उलटसुलट करून पाहिलं. खोटं म्हणून बोट ठेवावं असा एकही शब्द त्यात नव्हता. प्रकरण काढून टाकलं असतं तर आणखी दोन वर्षं गेली असती आणि आणखी दोन एप्रिल. मला लाज वाटत होती, पण त्याहून जास्त झोप येत होती. मी ते वाक्य लिहिलं. पदवी मिळाली, कायम झालो. त्यानंतर मी सूक्ष्मदर्शकाला हात लावला तो फक्त मुलांना शिकवण्यापुरता.

पुढच्या पंचमीपासून गुरुजींचा डबा यायला लागला. अक्कलकोटहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती, दर वर्षी न चुकता. आत चिगळी आणि चिठ्ठीवर 'सप्रेम नमस्कार', बाकी काही नाही. बायको म्हणायची, माणसं किती जीव लावतात बघा. मी त्या डब्यातली एकही कधी खाल्ली नाही.

असा चौथा की पाचवा डबा घेऊन गुरुजी स्वतःच आले. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी प्याले, आणि बराच वेळ नुसतीच टोपी फिरवत राहिले.

"सर, एक सांगायचं हाय," ते म्हणाले. "तुमी येऊन गेला, त्याच दिवाळीला आमचा मेव्हणा सिरसीकडनं आला. त्यानं सांगितलं, तिकडं चिगळी म्हंजे मुंगी. तुमी मुंगीचं इचारत हुता. आमच्याकडं तसली मुंगी न्हाय सर. मी येड्यावानी लाडवाचं लिवून बसलो. पत्र लिवायचं धाडस झालं न्हाय. म्हणून डबा तेवढा पाठवत हुतो." त्यांनी वर बघितलं. "माझ्यापायी तुमचं काय नुकसान झालं न्हाय ना?"

त्यांच्या पाठीमागच्या कपाटात काळ्या बांधणीचा माझा प्रबंध होता. त्यातल्या नकाशावर मैंदर्गीशेजारी ठिपका होता.

"नाही, गुरुजी," मी म्हणालो. "काहीच नाही."

"मग बरं," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली. "मला लई घोर हुता. म्हणलं, कुटं खोटं छापून आलं असंल."

बायकोनं चहा आणला. गुरुजी बशीत ओतून निवांत प्यायला लागले. मी डबा उघडला आणि एक चिगळी अख्खी तोंडात घातली, म्हणजे काही बोलायला नको. चावायला कडक होती. बराच वेळ पुरली.