खुडूक कोंबडीखालचा मुकुट

जवळ ये. म्हणजे हा कागद जवळ धर आणि तो फोन उशीखाली घाल. एक डोळा फोनात नि एक माझ्या अक्षरात, असं मला चालायचं न्हाई. एवढी शिकलेली पोर तू, आणि पुण्याच्या बसमध्ये उभी राहून, चार लोकांत, मोठ्यानं विचारतेस, आजी, आपल्या देवीचा मुकुट तू कुठं ठेवतेस गं? असं विचारतात का कुणी? मी फोन ठेवला तर म्हणे आजी रुसली. रुसले न्हाई. शहाणी हाय म्हणून ठेवला.

तू त्या परदेशातल्या राणीच्या मुकुटाचं चित्र पाठवलंस. काचेची पेटी, वरून दिवे, बाजूला शिपाई. मला हसूच आलं. एवढा उजेड पाडून चोराला दाखवायचं की हितं हाय बघ, आणि मग शिपायाला पगार द्यायचा. आपल्यात याच्या उलट. आपल्यात मुकुट कुठं हाय हे देवीलासुद्धा ठाऊक नसतं.

तू जत्रेत पाहिलास तो, पण लांबून. चांदीचा, वर सोन्याचं पाणी, आता ते पाणी फक्त खाचांत उरलंय. मधला लाल खडा कधीचा पडला, तिथं कुणा आजीनं बांगडीची काच बसवली. पाटलाचे लोक तिला माणिक म्हणतात. म्हणू देत.

मुकुट मुळात देवीचा न्हाईच. आपल्या घरात सांगतात ते असं. धारूरच्या किल्ल्यावर कुणी राणी होती. वेढा पडला तेव्हा तिनं डोक्यावरचा मुकुट आपल्यातल्या एका बाईच्या पाटीत टाकला, वर कोकरू बसवलं, आणि ती बाई मेंढरं हाकत शत्रूच्या मधून निघून आली. मेंढरात कोण बघतंय? राणी पुन्हा मागायला आली न्हाई. राज्य गेलं, मग तो देवीला घातला. पाटलाच्या घरी हीच गोष्ट सांगतात, पण त्यांच्यात बाई न्हाई, मेंढरं न्हाईत. त्यांचा पूर्वज तलवार गाजवतो आणि राजा खूश होऊन मुकुट देतो. तलवारीची गोष्ट सांगताना ते बसतातही कसे, मांडीवर हात ठेवून.

भांडण मिटेना म्हणून कुण्या काळी वाटणी झाली. चैताच्या जत्रेपासून दसऱ्यापर्यंत मुकुट पाटलाकडं, दसऱ्यापासून जत्रेपर्यंत आपल्याकडं. आपण तेव्हा मेंढरं घेऊन बाहेर असतो, म्हणजे मुकुटही आपल्याबरोबर रानोमाळ. दोन्ही घरांत ठेवायची जागा एकाच बाईला ठाऊक. पुरुषाला सांगायचं न्हाई. तुझ्या आज्याला मागल्या थंडीपर्यंत वाटायचं की मी तो पिठाच्या डब्यात ठेवते. मी वाटू दिलं, त्यानं तो डबा कधी उघडला न्हाई.

आता मागल्या दसऱ्याचं सांगते. कुठल्याशा देवळात चोरी झाल्याची बातमी आली आणि पाटलाचा थोरला, जो देवस्थान कमिटीचा अध्यक्ष हाय, त्यानं मंडपात सभा बोलावली. मुकुट बँकेच्या लॉकरात ठेवायचा, जत्रेला काढायचा, संध्याकाळी परत न्यायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागं बायकांत बसलेली. मी तेवढी डोलावली न्हाई.

तुला वाटेल त्यात काय एवढं, ओझं गेलं. तू जत्रेत येतेस तेव्हा पाळण्याच्या रांगेत असतेस, म्हणून तुला दिसत न्हाई. पालखी शिवेवर थांबते. ढोल गळ्यात अडकवून लोक उभे राहतात, पण टिपरू पडत न्हाई. कावून? तर आपल्या घरची बाई मुकुट घेऊन यायची असते. वर्षभर आम्ही मेंढरंवाले, ओट्याच्या कडेला बसणारे. त्या एका सकाळी सगळं गाव, पाटलासकट, उन्हात उभं राहून आमची वाट बघतं. मी तर मुद्दाम सावकाश चालते. लॉकर झाला की बँकेची वाट बघणार, आमची कोण बघतंय?

म्हणून मी उठले आणि तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, "बापू, आमी माजलगावकडं मेंढरं घेऊन बसलो की तुझी माणसं घेऊन ये. दिवसाउजेडी ये. सगळं उचकून बघ. सापडला तर ने तुझ्या लॉकरात. न्हाई सापडला तर हा विषय पुन्यांदा काढायचा न्हाई."

तो हसला. "मावशी, रानात पाल टाकून राहता तुमी. लपवून लपवून लपवाल कुठं?"

मंडपातले सगळे हसले. पण ठरलं. घरी आल्यावर तुझ्या आज्यानं मला विचारलं, तुझं डोस्कं फिरलं का, आणि माझ्यावर रागावून भाकरी कुत्र्याला घातली. कुत्र्यानं खाल्ली. नंतर भूक लागली तेव्हा आला मुकाट्यानं.

थंडीत आम्ही कॅनॉलच्या कडेला, ऊस तुटलेल्या एका रानात मेंढरं बसवली होती. एका दुपारी दोन पांढऱ्या गाड्या धुरळा करत आल्या. अध्यक्ष, त्याची माणसं, आणि मागच्या दारातून हळूहळू, एक एक पाय खाली सोडत, त्याची आई. पाटलीणबाई. मुकुटाची दुसरी राखणदारीण. लेकाला म्हणाली होती की माजलगावचं धरण बघायचंय. या बाईनं जन्मात पाण्याकडं कौतुकानं बघितलेलं न्हाई. लॉकर झाला तर तिचंही जाणार होतं ते मला कळत होतं, पण लेकापुढं आई कुणीकडं झुकंल, सांगता येत न्हाई.

मग त्यांनी आमचं बिऱ्हाड उसकटलं. घोंगड्या झटकल्या. घोडीच्या पाठीवरचं ओझं सोडलं. घोडीनं एकाच्या बुटावर पाय दिला. पिठाचा डबा उघडला तेव्हा तुझ्या आज्यानं डोळे मिटले. त्यात पीठ निघालं तसा तो माझ्याकडं असा बघायला लागला, जसं काय मी त्याला आयुष्यभर फसवलं. चुलीची राखसुद्धा उकरली बापड्यांनी. मी चहा ठेवला, साखर जास्त घातली.

मुकुट कुठं होता ते आता सांगायला हरकत न्हाई. पालाच्या कोपऱ्यात पाटी होती. तळाला फडक्यात बांधलेला मुकुट उताणा, त्यावर उसाचं पाचट, पाचटावर अंडी आणि अंड्यांवर खुडूक कोंबडी. अध्यक्षाच्या दोन माणसांनी पाटी बघितली. एकानं हात पुढं केला, तिनं पिसं फुलवून चोच मारली, त्यानं हात मागं घेतला. दुसरा म्हणाला, राहू दे, बसलीय ती. शेताभातातली माणसं ती, पिलं निघायच्या बेतातली कोंबडी उठवायला त्यांचा हात वळेना. माझा भरवसा त्यावरच होता.

पण एक गोष्ट मी विसरले होते. खुडूक झाली तरी कोंबडीला दिसातनं एकदा भूक लागते. माणसं चहाला बसली, पाल शांत झालं, आणि माझी बया उठली. अंग झाडलं, पायानं पाचट मागं उडवलं आणि दाणे टिपायला सगळ्यांच्या मधनं ऐटीत चालत गेली. मागं पाटीत अंडी, आणि अंड्यांच्या कडेला, फडकं सरकलं तिथं, चांदीचा काठ. ऊन नेमकं त्याच्यावर.

माझ्या हातात किटली. अध्यक्ष माझ्याकडं तोंड करून बसलेला. मान वळवली की संपलं. तेवढ्यात पाटलीणबाई उठल्या, गुडघ्यावर हात देत पाटीपाशी गेल्या, अंगावरची चांगली काश्मिरी शाल काढली आणि अंड्यांवर अंथरली. वर स्वतः पाटीला टेकून बसल्या.

"आई, शाल घाण होईल," लेक म्हणाला.

"थंडीची अंडी गार पडतात रे. तुला काय कळतंय? चहा पी आणि चल, मला धरण बघायचंय."

त्यानं चहा प्यायला. आणखी थोडं इकडं तिकडं बघितलं, आणि मग माणूस शब्दाचा म्हणायचा, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हरलो मावशी. लॉकरचं आता काढत न्हाई. पण जत्रेला आणा म्हणजे झालं." कोंबडी परत येऊन शालीवरच बसायला बघत होती.

जत्रेला मी आणला. इतकी सावकाश चालले की ढोलवाले खाली बसले. पूजेनंतर मुकुट पाटलाकडं द्यायचा तेव्हा देवघरात आम्ही दोघीच असतो, तशी रीत हाय. पाटलीणबाईंनी तो नाकाला लावला. म्हणाल्या, "आक्का, चिंचेनं घासलास तरी कोंबडीचा वास जाईना गं." मी म्हटलं, शाल धुवून आणलीय. मग त्यांनी मला त्यांची जागा सांगितली. घरात नंबरची तिजोरी हाय, तिच्यावर लेकानं कॅमेरा लावलाय. तिजोरीत फडक्यात बांधलेली वीट हाय. मुकुट कुठं असतो ते मात्र मी लिहायची न्हाई. ते त्यांचं. पण ऐकून मला देवघरात एवढं हसू आलं की बाहेरच्या बायकांना वाटलं माझ्या अंगात आलं. दोघीतिघींनी पायावर डोकंही ठेवलं.

आता ऐक. ज्या जागेची एकदा झडती झाली ती पुन्हा वापरायची न्हाई, म्हणून या दसऱ्यापासून जागा नवी हाय. सासूनं मला सांगितलं तसं मलाही कुणाला तरी सांगून ठेवलं पाहिजे. तुझ्या आईला मेंढराच्या वासानं शिंका येतात. काकू गुणाची हाय, पण तिच्या पोटात काही राहत न्हाई. सकाळी सांगितलं तर दुपारी घोडीला ठाऊक. राहिलीस तू. फोनवर मी सांगायची न्हाई आणि कागदावर तर न्हाईच. आम्ही कॅनॉलच्या त्याच रानात हाव. सुट्टी काढ, रविवारची वाट बघू नकोस, अंगाला वास लागला तरी चालतील असे कपडे घाल, आणि लवकर ये गं.