इकडे या, इथून बघा

"इकडे या, इथून बघा!" दादा ओरडला आणि नावेतले सगळे ड्रॉइंग मास्तर एकाच अंगाला सरकले. नावाडी "बैठे रहो, मास्साब!" म्हणेपर्यंत नाव उलटून भेडाघाटचं पाणी माझ्या नाकातोंडात गेलं होतं. मझौलीचे मास्तर बुडाले.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. जबलपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. चांगलं काही दिसलं की एकट्यानं बघणं त्याला जमत नसे. तव्यावर पोळी फुगली तरी म्हणायचा, "थांब, इथून बघ, सावली कशी पडून राहिली." मी म्हणायची, "करपली तर तूच खा."

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. मध्यप्रांतात एका शाळेला ड्रॉइंग मास्तर एकच, आणि त्याचा तासही गणितवाले पळवत. "आपली चूक दाखवायलाही कोणी नाही," म्हणून दादानं चेरीतालच्या आमच्या घरी रविवारची बैठक सुरू केली. प्रत्येकानं चित्र भिंतीला टेकवायचं. ज्याचं चित्र त्यानं गप्प बसायचं, बाकीच्यांनी बोलायचं. मझौलीचे मास्तर सर्वांत दुरून येत आणि सर्वांत जास्त बोलणी खात. मग चुलीपाशी येऊन विचारत, "दीदी, आज किती मार पडला, ऐकलं ना?" तरी पुढच्या रविवारी हजर. भेडाघाटचे पांढरे खडक कागदावर काढायला जायची हौस त्यांचीच. डबे घेऊन मी सोबत गेले होते.

त्यानंतर दादानं बैठक मोडली. रंगांना हात लावला नाही.

काही महिन्यांनी मझौलीच्या मास्तरांची बायको दारात उभी राहिली. हातात नवऱ्याची रंगपेटी.

"बैठक काहून बंद केली?"

दादा मान खाली घालून म्हणाला, "मीच त्यांना त्या बाजूला बोलावलं, वहिनी."

"तुम्हीच बोलावलं. मी कुठं नाही म्हणून राहिली? आठवडाभर ते या रविवारची वाट पाहायचे. बाकीच्यांना कशाची शिक्षा देता?" पेटी ठेवून ती चहाही न घेता गेली.

बैठक पुन्हा भरली. पण "इकडे या" हे शब्द दादाच्या तोंडून मरेपर्यंत आले नाहीत. चित्र स्वतः उचलून तो प्रत्येकापुढे नेऊन धरायचा. गुडघे दुखायला लागले तरीही. नवे मास्तर म्हणत, केवढा हा नम्रपणा! मी कपबशा उचलायला लागायची.

मझौलीचे मास्तर सोडून नावेतले आम्ही सगळे वाचलो. हाक मारणारा दादा वाचला, आणि त्याच्या हाकेसरशी सर्वांत आधी उठलेली मीही वाचले.