अर्धी भाकरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संपादकांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही मला नीट माहीत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी दौंडला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र. भीमेकाठी त्याची शेती. नदीतून चोरून वाळू उपसली जायची आणि त्याच्या विहिरीचं पाणी खाली खाली चाललं होतं. त्यानं तक्रार केली. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी पुण्याहून महसूलचे साहेब चौकशीला येणार होते, दत्ता त्यांना पात्रात उतरवून खड्डे दाखवणार होता. त्याआधी आम्ही दोघं स्टेशनजवळच्या खानावळीत जेवणार होतो. हे तिसऱ्या माणसाला कसं कळलं? मी बोलून गेलो — नाही, हा शब्द बरोबर नाही. वाळूवाल्यानं मला विचारलं आणि मी सांगितलं.

त्या दिवशी सकाळी वाळूवाल्याची जीप माझ्या दारात थांबली. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा खाली उतरले नाहीत.

"पत्रकार, तुमी काय बी करायचं न्हाई. आमची पोरं शिरूरवरनं यायची हायती. ती येईस्तवर दत्ताला निवांत जेवू द्या. नुसतं बोलायचंय."

मग मुलीची शाळा कशी चाललीय, असं विचारलं. ती धमकी होती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिलो. धमकी नव्हती. आप्पा एरवीही विचारत. पण मागच्या सीटवर गोणपाट होतं आणि त्याखालून लोखंडी पाइपांची टोकं बाहेर आली होती. ती मी पाहिली. पाहणं हाच तर माझा धंदा — मग तेवढंच कसं दिसलं नाही म्हणू?

दत्ताच्या घरची एक रीत होती. सोबतचा जेवत असेल तोवर ताटावरून उठायचं नाही. त्याच्या आईच्या हातचं खाऊन मी मोठा झालो. ही रीत मला पाठ होती.

खानावळीत त्याचं भराभर जेवून झालं. "चल, उरक. सायेब वाट बघून माघारी जाईल."

मी अर्धी भाकरी मागवली. मग थोडा रस्सा. मग कांदा.

"आरं, बातमीदार हायस का म्हैस? किती रवंथ करशील!" तो हसला. मग म्हणाला, "खा, खा. उपाशी उठू नगं." आणि उष्टा हात वाळवत बसून राहिला. दारातून रस्ता दिसत होता. तो माझ्याकडे बघत होता, मी रस्त्याकडे.

सकाळचीच जीप आली. इंजिन बंद झालं. दारं उघडल्याचा आवाज झाला, बंद झाल्याचा झाला नाही. मी शेवटचा घास तोंडात घातला आणि म्हणालो — "चल."

तो हात धुऊन बाहेर पडला. मी मोरीपाशी मागे राहिलो. नळ सोडला. ऐकू येऊ नये म्हणून पूर्ण सोडला.

साहेब थोडा वेळ थांबून पुण्याला परत गेले. संध्याकाळी मी बातमी पाठवली: अज्ञात इसमांच्या मारहाणीत शेतकरी गंभीर जखमी, कारण समजू शकले नाही. अज्ञात. हा शब्द मी त्याआधी कितीतरी वेळा लिहिला असेल, तेव्हा तो खरा असायचा.

दवाखान्यात दत्तानं ती वाचली. त्याला सगळ्यांची नावं माहीत होती. म्हणाला, "बरं केलंस, नावं न्हाई घातलीस. तुला लेकरू हाय."

त्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही. शेती सुटली. आता तो शिरूरला सासुरवाडीच्या आधारानं राहतो. कामासाठी गेलो की काठी टेकत मला जेवायला नेतो. मी घाईनं खाऊ पाहतो, पण घास उतरत नाही. त्याचं ताट केव्हाच रिकामं झालेलं असतं. तो उठत नाही.

"सावकाश खा," म्हणतो, आणि हात वाळवत बसून राहतो.

मी खातो.